तिसऱ्या रंगाला जागा किती?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. मसाल्याच्या पाकिटाचं डिझाइन मिळालं. हळदीचा पिवळा, मिरचीचा लाल, कोथिंबिरीचा हिरवा. तिन्ही रंग छान आहेत, पण तू तिघांनाही सारखी जागा देऊन बसलीस आणि तिथेच घोळ झाला. रंग निवडायला एक दुपार पुरते. कुणाला किती जागा द्यायची, यात डोकं शिणतं.

घरात एखादी जुनी इरकल असेल तर ती पलंगावर पूर्ण उलगडून बघ. अंग एकाच गडद रंगाचं, काठ वेगळा, पदर लाल आणि त्यावर पांढरी नक्षी. विणकर पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा लावतात आणि अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडतात, म्हणून रंग तिथे एकदम पालटतो, मधेच घुटमळत नाही. पदराच्या नक्षीत फणी, किल्ल्याचा तट, ज्वारीचं कणीस अशा आकृत्या असतात. पांढऱ्याच्या वाट्याला जेमतेम तेवढाच पदर येतो. पण बाई समोरून गेली की लक्षात राहतो तो पदरच. हाच पांढरा अंगभर पसरला असता तर?

कॉलेजात तुम्हाला ६०-३०-१० चं प्रमाण शिकवलं असेल: मुख्य रंग ६० टक्के, दुसरा ३०, तिसरा १०. सुरुवातीला ठीक आहे, पण मोजपट्टी घेऊन बसू नकोस. छोट्या पाकिटावर तिसरा रंग १० टक्केसुद्धा मला जास्त वाटतो.

नेदरलंड्समधल्या उट्रेख्त शहरात वास्तुकार गेरिट रीटफेल्ट यांचं १९२४ सालचं श्रोडर घर आहे. सगळे त्याला लाल-निळ्या-पिवळ्या रंगांचं घर म्हणूनच ओळखतात. त्याचे फोटो नीट बघ. बाहेरून बहुतेक भिंती पांढऱ्या नाहीतर करड्या आहेत. लाल, निळा, पिवळा येतो तो खांबांवर, दांड्यांवर, चौकटींवर. एवढ्याशा रंगाने शंभर वर्षं नाव टिकवलंय.

आता तुझं पाकीट. ते एकदा कृष्णधवल करून बघ. पिवळा फिका दिसेल, पण तुझा लाल आणि हिरवा जवळपास एकाच करड्या छटेत जातील. म्हणजे लालवर हिरवी अक्षरं चालणार नाहीत. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही, त्यांना तर ती वाचताच येणार नाहीत. पांढऱ्यावर पिवळी अक्षरंही नकोत. त्यापेक्षा पिवळ्याला जमीन, म्हणजे मागचा रंग, कर आणि नाव गडद लाल ठेव. उरला हिरवा. शाकाहाराची हिरवी खूण कायद्याने पाकिटावर येणारच आहे. मग हिरवा तिथेच राहू दे, वर आणखी पानं-वेली कशाला? उद्या त्याच चित्राच्या कापडी पिशव्या छापायच्या झाल्या तर स्क्रीन प्रिंटिंगवाला प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन धरून पैसे लावेल, हेही मसालेवाल्या मालकिणीच्या कानावर घाल. आणि मॉनिटरवरचा झगझगीत हिरवा कागदावर तसाच उतरत नाही. नमुना छापून घेतल्याशिवाय होकार देऊ नकोस.

तू खोलीबद्दलही विचारलं होतंस. भाड्याच्या घरात फरशी बदलता येत नाही, तेव्हा तीच पहिला रंग धर, मग ती तुला आवडो न आवडो. भिंती तिच्याशी जुळत्या ठेव, पडदे दुसऱ्या रंगाचे. तिसरा उशांच्या अभ्र्यांवर ठेव, कंटाळा आला की कमी खर्चात बदलता येतो. भिंतीची छटा मात्र रात्री ट्यूबलाइटखाली बघून ठरव, कारण नोकरीमुळे तू घरी असतेस ती रात्रीच. कपड्यांचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यात मी पडत नाही.

नवं डिझाइन पाठवण्याआधी वाण्याच्या दुकानात जाऊन ये. मसाल्याच्या फळीवर पिवळी पाकिटं किती आहेत, बघ. फळी आधीच पिवळीधमक असेल तर आपण जमीन लाल करू आणि अक्षरं पिवळी. दोन्ही नमुने करून ठेव, रविवारी फोनवर बोलू.

तुझी,
मावशी