उणे आलेले तारे गाळू नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा काळजीनं, दुसऱ्यांदा जरा वैतागून. तुझ्या मते पेच असा आहे की ताऱ्यांवर काम करत राहायचं की दीर्घिकांकडे वळायचं, कारण गाया या तारे मोजणाऱ्या युरोपीय उपग्रहाच्या ताऱ्यांचं आता "सगळं होऊन गेलंय" आणि वेब या अवकाश दुर्बिणीच्या दीर्घिकांवर रोज नवं काहीतरी छापून येतंय. पण मधेच कंसात तू एक वाक्य टाकलं आहेस: "पॅरलॅक्स उणे आलेले तारे काढून टाकले, कारण उणे अंतराला अर्थ नाही." माझ्या लेखी पेच त्या कंसात आहे. तारे की दीर्घिका, ते नंतर बघू.

उणे अंतराला अर्थ नाही, कबूल. पण गायानं अंतर कुठे मोजलंय? तिनं कोन मोजला. सूर्याभोवती फिरता फिरता ताऱ्याची जागा किती सरकलेली दिसते, तेवढाच. हाच तो पॅरलॅक्स, आणि तारा जितका दूर तितका हा कोन लहान. तुझा तारकागुच्छ १०,००० पार्सेकवर, म्हणजे सुमारे ३२,६०० प्रकाशवर्षांवर असेल, तर हा कोन ०.१ मिलिआर्कसेकंद भरतो (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा छत्तीस लाखावा भाग). विसाव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा मोठा, तितका तारा मंद) ताऱ्यासाठी गायाच्या मोजमापातली अनिश्चितताच ०.५ मिलिआर्कसेकंदाच्या आसपास आहे. मग एका ताऱ्याला ०.६ येणार, दुसऱ्याला उणे ०.४. दोन्ही आकडे सारखेच खरे किंवा सारखेच खोटे. तू उणे ०.४ फेकलास आणि ०.६ ठेवलास. कोनांची सरासरी फुगली, म्हणून गुच्छ जवळ सरकला. आणि वर मलाच विचारतेस, की आधीच्या निबंधांपेक्षा अंतर कमी येतंय, यात काही नवीन सापडलं असेल का!

तुझ्या वरिष्ठानं सुचवलेली गाळणीही त्याच जातीची. अनिश्चिततेच्या पाचपट पॅरलॅक्स असलेलेच तारे ठेवायचे म्हणजे ज्यांचा आकडा योगायोगानं वर गेला त्यांना झुकतं माप द्यायचं. आलेख देखणा होतो, हे खरं. देखण्या आलेखांची मला धास्तीच वाटते. सगळे तारे ठेव, उणेसुद्धा, आणि त्या सगळ्यांच्या कोनांना मिळून एकच अंतर बसव. अनिश्चितता गणितात घे, कात्रीनं कापू नकोस.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते तुला या पत्रात पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल: आधी दुर्बिणीच्या खोडी शीक, मग आकाशाबद्दल बोल.

गायाचीच एक खोड सांगतो. क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं, अब्जावधी प्रकाशवर्षं दूर असतात, म्हणजे त्यांचा पॅरलॅक्स शून्यच यायला हवा. रिकाम्या तराजूचा काटा शून्यावर आहे का ते बघावं, तसा त्यांचा उपयोग. २०१८ च्या दुसऱ्या माहितीसंचात हा काटा सरासरी उणे ०.०२९ मिलिआर्कसेकंदावर होता, तिसऱ्यात तो उणे ०.०१७ च्या आसपास आला. गायावर एकमेकींशी १०६.५ अंशांचा कोन करणाऱ्या दोन दुर्बिणी होत्या. तो कोन अगदी सूक्ष्म प्रमाणात हलत राहायचा, आणि त्या हलण्याचा काही भाग पॅरलॅक्सचं सोंग घेऊन आकड्यांत उतरतो. शिवाय हा फरक ताऱ्याची प्रत, रंग आणि आकाशातली जागा यांनुसार बदलतो. उणे ०.०१७ म्हणजे किती, असं वाटेल. तुझ्या गुच्छाचा सगळा पॅरलॅक्सच ०.१ आहे, त्याचा हा सहावा हिस्सा झाला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. गाया २७ मार्च २०२५ ला कायमची बंद केली, खोड मात्र माहितीसाठ्यात तशीच राहिली आहे. ती तुझ्या पिढीच्या गळ्यात.

आता दीर्घिका. तिकडे गेलीस की यातून सुटशील असं वाटत असेल तर विसर. जुलै २०२२ मध्ये वेबची पहिली निरीक्षणं खुली झाली आणि काही दिवसांत विक्रमी दूरच्या दीर्घिकांचे दावे यायला लागले. त्यातलीच एक सीईईआरएस-९३३१६. वेगवेगळ्या फिल्टरमधल्या तेजस्वितेवरून तिचं ताम्रसृती मूल्य (विश्वाच्या प्रसरणानं प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप; जितकं मोठं तितकी दीर्घिका दूर) १६.४ काढलं गेलं, म्हणजे महास्फोटानंतर जेमतेम २५ कोटी वर्षांची. पुढच्या वर्षी वर्णपट मिळाला तेव्हा मूल्य निघालं ४.९. प्रकाश सव्वाशे कोटी वर्षं वयाच्या विश्वातला होता. धुळीनं लाल झालेली दीर्घिका, आणि तिच्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीव्र उत्सर्जनरेषा नेमक्या अशा फिल्टरांत पडल्या की दूरच्या दीर्घिकेचा हुबेहूब भास व्हावा. ही शक्यता इतर गटांनी २०२२ मध्येच मांडली होती, हे विसरू नकोस. पण बातमी १६.४ ची झाली. शिवाय त्याच सुरुवातीच्या काळात वेबच्या कॅमेऱ्याचं अंशांकन, म्हणजे त्याच्या आकड्यांचं खऱ्या तेजस्वितेशी जुळवणं, सुधारलं गेलं आणि कित्येकांचे आकडे हलले. आकाश होतं तिथेच होतं.

उलट उदाहरणही दाखवतो, नाहीतर म्हणशील हा माणूस फक्त घाबरवतो. भारताच्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावरची अतिनील दुर्बीण ३७.५ सेंटिमीटरची, हबलचा आरसा २.४ मीटरचा. तरीही ९३० कोटी प्रकाशवर्षं दूरच्या एका दीर्घिकेतून येणारा तीव्र अतिनील प्रकाश अ‍ॅस्ट्रोसॅटनं टिपला, कारण तिच्या डिटेक्टरचा पार्श्वभूमीचा गोंगाट फारच कमी होता. निरीक्षण ऑक्टोबर २०१६ चं, २८ तासांहून जास्त. निबंध आला २०२० मध्ये. हा प्रकाश खरोखर त्याच दीर्घिकेचा आहे याची खातरजमा करण्यातच जवळजवळ दोन वर्षं गेली. त्या गटाला आपल्या डिटेक्टरचा गोंगाट तोंडपाठ होता. मी सांगतोय ते हेच.

तुला कुणीतरी सांगितलं असेलच की मी संथ आहे, माझे निबंध मोजके आहेत. खरं आहे. एकदा हबलच्या अवरक्त कॅमेऱ्यात आम्हाला एक मंद ठिपका दिसला होता. त्या डिटेक्टरची खोड अशी की आधीच्या निरीक्षणात एखादा तेजस्वी तारा पडला असेल, तर त्या पिक्सेलांत त्याची धग मागे राहते आणि पुढच्या चित्रात भूत होऊन उगवते. मी हट्ट धरला की आधीची सगळी निरीक्षणं, दुसऱ्यांच्या कार्यक्रमांची सुद्धा, काढून तपासायची. आम्ही तपासत बसलो आणि दुसऱ्या एका गटानं छापून टाकलं. त्यांचा निष्कर्ष बरोबर निघाला. भूतबीत काही नव्हतं. ज्या मुलानं तो ठिपका पहिल्यांदा पाहिला होता, त्यानं पुढे हे क्षेत्रच सोडलं. हे मला अजून सलतं. पण आज तोच ठिपका समोर आला तर मी पुन्हा तेच करीन, कारण त्या दिवशी तो खरा आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांचं दान बरोबर पडलं, एवढंच. तू म्हणशील हे म्हाताऱ्याचं समर्थन आहे. असेल.

आणि कृपा करून मला असं सांगू नकोस की ही सगळी कामं पाईपलाईन, म्हणजे कच्च्या आकड्यांवर आपोआप प्रक्रिया करणारं सॉफ्टवेअर, करते. हबलच्या आरशाची कडा सुमारे २.२ मायक्रॉननं जास्त सपाट घासली गेली, ती तपासणीच्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसल्यामुळे. दुसऱ्या चाचण्यांत ही चूक दिसत होती. पण त्या कमी अचूक मानून बाजूला सारल्या, आणि १९९० मध्ये ती दुर्बीण तशीच वर गेली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये अंतराळवीर वर जाऊन दुरुस्ती करून आले. यंत्रशिक्षणाचंही (मशीन लर्निंगचंही) तेच. वापर की, मी कुठे अडवतोय? पण उणे तारे गाळून शिकवलेलं मॉडेल तुझी चूक कोट्यवधी ताऱ्यांवर बिनतक्रार उमटवेल.

तुझी नजर चांगली आहे. त्या वाक्याबद्दल तुलाही शंका होती, म्हणूनच ते कंसात गेलं. ती शंका धरून बस, वरिष्ठ हसले तरी.

तेव्हा आता दोन गोष्टी कर. गायाच्या तिसऱ्या संचात सोळा लाखांवर क्वेसारांची यादी आहे. तिच्यातले तुझ्या गुच्छाच्या दिशेचे क्वेसार काढ आणि काटा किती हललाय ते स्वतः बघ. छापील दुरुस्ती लगेच लावू नकोस, आधी तुझा आकडा येऊ दे, मग ताडून पाहा. दुसरं, वेबच्या संग्रहातून कुठल्याही एका निरीक्षणाची रंगीत, तयार चित्रं नकोत, अगदी कच्ची, अंशांकन न झालेली फाईल उतरव. एकच पिक्सेल घे आणि एका एक्सपोजरमधली त्याची सगळी वाचनं ओळीनं मांड. सिग्नल चढत जाताना दिसेल. शेजारचे पिक्सेल बघत राहा. कुठेतरी चढ मधेच एकदम उडी मारेल आणि मग पुन्हा पहिल्याच गतीनं चढत राहील. तो वैश्विक किरण. पाईपलाईन ती उडी ओळखून काढते, बहुतेक वेळा बरोबर. कधी चुकते, ते तू शोधायचं आहेस. 'स्नोबॉल' म्हणतात ते मोठे गोल डागही दिसतील, त्यांची कडा बरेचदा काढायची राहून जाते.

नुसते आलेख पाठवू नकोस, कोडही जोड. शिफारसपत्र मी देणारच आहे, त्याची काळजी नको. आणि ती कच्ची फाईल चांगलीच जड असते, रात्री उतरवायला लाव.