फाशाचे दान आणि पात्राचा बोनस : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही सहा जण दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवण्याच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. खेळ चालवण्याची, म्हणजे डीएमची, जबाबदारी माझ्याकडे आहे. पहिल्याच लेव्हलला आमच्या योद्ध्याला एक बंद दार धक्का मारून उघडता आले नाही आणि लगेच काडीपैलवान जादूगाराने ते पाडले. सगळे हसले, पण योद्धा खेळणारी मैत्रीण हिरमुसली. वीस बाजूंच्या एका फाशाऐवजी साधे, सहा बाजूंचे तीन फासे टाकून बेरीज घेतली, तर पात्राच्या गुणांना योग्य वजन मिळेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचे वाईट वाटणे रास्त आहे, कारण तिने पात्र घडवताना शक्तीसाठी इतर गुणांवर पाणी सोडले असणार. आधी हिशेब पाहू. दाराची काठिण्यपातळी, म्हणजे दान आणि पात्राचा बोनस यांच्या बेरजेने गाठायचा आकडा, 15 धरली, तर +5 बोनस असलेल्या योद्ध्याला 10 किंवा अधिक दान लागते, म्हणजे यशाची शक्यता 55 टक्के. –1 असलेल्या जादूगाराला 16 किंवा अधिक लागते, म्हणजे 25 टक्के. योद्धा हरून जादूगार जिंकण्याची शक्यता यावरून सुमारे 11 टक्के निघते, म्हणजे साधारण नऊ वेळा दार आले की एकदा हे घडणारच.

तीन फाशांनी हा प्रकार खरोखरच जवळजवळ नाहीसा होतो. बेरीज मधल्या आकड्यांभोवती घुटमळत असल्याने योद्ध्याचे यश 62.5 टक्क्यांवर चढते, जादूगाराचे 5 टक्क्यांच्याही खाली येते आणि तसा उलटा निकाल 58 वेळांतून एखाद्या वेळीच लागतो. तरीही हा बदल करू नका, असेच मी सांगेन. काठिण्यपातळी 20 असेल, तर त्याच योद्ध्याची आशा 30 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर घसरते आणि ज्या धाडसी प्रसंगांसाठी आपण हा खेळ मांडतो, तेच हातातून जातात. शिवाय वीस बाजूंच्या फाशावर +1 ची किंमत बहुतेक ठिकाणी 5 टक्केच असते, तर तीन फाशांवर ती मध्यभागी 12.5 टक्के आणि टोकाला 3 टक्क्यांहून कमी होते; त्यामुळे चिलखते, मंत्र आणि राक्षस यांचे जे आकडे पाचपाच टक्क्यांच्या हिशेबाने बसवलेले आहेत, त्यांची घडी विस्कटते. 1986 पासून चालत आलेल्या ‘गर्प्स’ या अशाच दुसऱ्या खेळामध्ये तीन फासे शोभतात, कारण तो खेळ मुळातच त्यांच्यावर उभा केलेला आहे.

माझ्या मते तुमची खरी अडचण फाशात नसून तो कितीदा टाकला जातो, यात आहे. समजा, गुप्त दार शोधायचे आहे आणि काठिण्यपातळी 15 आहे. +7 बोनस असलेल्या चोराला ते सापडण्याची शक्यता 65 टक्के. पण उरलेल्या चौघांनी, प्रत्येकाचा बोनस शून्य असताना, ‘मीही बघतो’ म्हणत एकेक फासा टाकला, तर त्यांच्यापैकी निदान एकाला ते सापडण्याची शक्यता 76 टक्के होते. चोराने कमावलेले कौशल्य अशा वेळी चार अनाडी मिळून झाकून टाकतात, आणि हे तुमच्या टेबलावर दर रविवारी घडत असेल.

म्हणून एका कामाला गटाचा एकच प्रयत्न द्या. जो त्यात तरबेज आहे, तो पुढे होईल. दुसरा त्याला मदत करील आणि नियमाप्रमाणे दोन फासे टाकून मोठे दान घेतले जाईल. असे केल्यास चोराची शक्यता 88 टक्क्यांच्या घरात जाते. दाराशी जादूगाराने योद्ध्याच्या शेजारी खांदा लावला असता, तर 80 टक्के संधी होती, आणि दार पडल्याचे श्रेय दोघांनाही मिळाले असते. प्रयत्न फसला, तर परिस्थिती बदलल्याशिवाय त्या दारावर पुन्हा फासा नको: पहारेकरी जागे झाले, बिजागरी वाकून दार अडकले, असे काहीतरी घडू द्या. वेळ भरपूर असेल आणि धोका काहीच नसेल, तेव्हा योद्ध्याला फासा न टाकताच दार उघडू द्यावे. पंजा लढवण्यासारख्या निव्वळ ताकदीच्या सामन्यातही मी फासा मागत नाही, कारण त्यात –1 वाला +5 वाल्याला जवळपास 23 टक्के वेळा हरवतो, आणि ते मनाला पटत नाही.

मैत्रिणीला एवढे जरूर सांगा की सुरुवातीच्या लेव्हलना नशिबाचा वाटा मोठा राहावा, अशीच या आवृत्तीची रचना आहे. 2000 साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलला नुसत्या कौशल्याचे 23 गुण घेता येत, त्यामुळे शिकलेला आणि न शिकलेला यांच्यामधील अंतर वीस बाजूंचा फासा भरून काढूच शकत नसे. पाचव्या आवृत्तीत प्रावीण्याचा, म्हणजे शिकलेल्या कामासाठी मिळणारा, बोनस +2 पासून सुरू होऊन +6 वर थांबतो.

प्रश्न : फाशावर 20 पडले की कोणतेही काम साधतेच, असे आमच्या गटात मानतात. हा नियम आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमपुस्तकात ही सवलत हल्ल्याच्या फाशापुरती आहे. इतर कामांत 20 पडूनही –1 असलेल्या पात्राची बेरीज 19 च होते आणि 20 ची काठिण्यपातळी त्याच्या आवाक्याबाहेरच राहते. अशा पात्राला डीएमने फासा टाकायलाच सांगू नये.