जिन्याची सतरा ड्रॉइंग आणि अडीच मीटर भिंत

प्रश्न : मी पेंटिंगच्या पदव्युत्तर वर्गात शेवटच्या वर्षाला आहे. सहा आठवड्यांनी आमच्या विभागात पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या फक्त ड्रॉइंगचं प्रदर्शन आहे. प्रत्येकाला अडीच मीटर भिंत मिळणार आहे. माझ्याकडे चाळीसेक कामं आहेत : मॉडेल बसवून केलेले मोठे अभ्यास, शाईतली काही कामं आणि वसतिगृहाच्या जिन्याची ए-३ कागदावरची चारकोलची सतरा ड्रॉइंग. जिन्याची कच्ची वाटतात, म्हणून मॉडेलचे अभ्यासच द्यावेत असं वाटतं. घरचे म्हणतात, ड्रॉइंग कोण विकत घेतं, त्यापेक्षा कॅनव्हास पूर्ण कर. या प्रदर्शनाचा पुढे उपयोग होईल का?

उत्तर : होईल, पण बहुधा विक्रीतून नाही. पहिल्या काही वर्षांत निव्वळ ड्रॉइंग विकून खर्च भागेल असं गृहीत धरू नका. घरच्यांचं तेवढं बरोबर आहे. पण ड्रॉइंग म्हणजे कॅनव्हासची पूर्वतयारी, हे मात्र आता कुणी मानत नाही. अमेरिकी चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्गने १९५३ मध्ये विलेम डी कूनिंग या नावाजलेल्या चित्रकाराकडून एक ड्रॉइंग मागून घेतलं आणि ते खोडलं. तो खोडलेला कागदच कलाकृती ठरला. सोल लेविट या अमेरिकी कलावंताने १९६८ पासून थेट भिंतीवर ड्रॉइंग केली. त्यातली कितीतरी त्याच्या लेखी सूचनांवरून दुसऱ्यांनी काढलेली आहेत. दक्षिण आफ्रिकेचा चित्रकार विल्यम केंट्रिज चारकोलने काढतो, पुसतो, पुन्हा काढतो, आणि पुसल्याची धुरकट खूण तशीच ठेवून प्रत्येक टप्पा कॅमेऱ्यात घेतो. प्रदर्शनाला येणारा जाणता माणूस हे सगळं पाहून आलेला असतो. शरीररचना बरोबर जमली आहे का, हे तो अर्ध्या मिनिटात बघतो आणि पुढे सरकतो.

म्हणून मी जिन्याची कामं द्या म्हणेन. मॉडेलचे अभ्यास तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाकडे आहेत. एकाच जागेकडे सतरा वेळा परत जाणं मात्र फक्त तुमच्याकडे आहे. कच्ची वाटतात ती नेमकी कशामुळे, हे आधी तपासा. सतराही कागद जमिनीवर तारखेच्या क्रमाने मांडा आणि उभं राहून बघा. ज्यात नवा निर्णय दिसतो, म्हणजे कोन बदलला, पायऱ्या गळाल्या, अंधाराचाच आकार झाला, ते ठेवा. ज्यावर फक्त जास्त तास गेले आहेत, ते बाजूला काढा. मेहनत झाली म्हणून काम ठेवायचा मोह सगळ्यांत घातक.

आता भिंतीचा हिशेब. उभा ए-३ कागद २९.७ सेंटिमीटर रुंद आणि ४२ उंच असतो. पाच कागद शेजारी लावले आणि मध्ये ८ सेंटिमीटरच्या चार फटी ठेवल्या, तर १८०.५ सेंटिमीटर होतात. दोन्ही कडांना जवळजवळ ३५-३५ उरतात आणि शेजारच्या विद्यार्थ्याच्या कामाला श्वास मिळतो. अशा दोन ओळी, म्हणजे दहा ड्रॉइंग. सतराही बसवायला गेलात तर दोन ओळींत ती मावतच नाहीत, तिसरी ओळ करावी लागते आणि भिंत नोटीस बोर्डासारखी दिसते. एखादा मॉडेलचा अभ्यास कोपऱ्यात 'हेही येतं' म्हणून लावू नका. दहांचं म्हणणं तो एकटा पातळ करतो.

पहिला आठवडा निवडीला पुरे. दुसऱ्यात फोटो काढा, तेही फिक्सेटिव्ह (चारकोल कागदाला धरून ठेवणारा फवारा) मारण्याआधी आणि काचेमागे जाण्याआधी. चारकोल स्कॅनरवर उलटा ठेवला की भुकटी काचेवर उतरते, म्हणून कॅमेराच बरा. कागद भिंतीवर सपाट, कॅमेरा त्याला अगदी समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांच्या कोनात सारखे दोन दिवे. कागदाचा पांढरा भाग पाहून कॅमेरा आपोआप फोटो काळवंडवतो, म्हणून एक्स्पोजर हाताने ठरवा. शेजारी एक राखाडी कार्ड ठेवलं की रंगछटा नंतर सुधारता येते. फोटो उजळ दिसावा म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवू नका : सर्वांत फिकट रेषा आणि पुसल्याच्या खुणा आधी जातात, आणि तुमच्या कामाचा जीव नेमका तिथे आहे. एका कामाचा बाजूने तिरपा प्रकाश टाकूनही फोटो घ्या, त्यात कागदाचा पोत आणि दाबाच्या खुणा दिसतात.

फिक्सेटिव्हने चारकोल थोडा गडद होतो आणि मधल्या करड्या छटा चपट्या पडतात. त्यामुळे आधी बाजूला काढलेल्या कागदावर करून बघा. हवा खेळती हवी, अंतर साधारण ३० सेंटिमीटर. फवारा कागदाच्या बाहेर सुरू करायचा, बाहेरच थांबवायचा. बटण कागदावर दाबलं की पहिला थेंब टपकतो आणि तो डाग कायमचा. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन हलके थर द्या, मध्ये वाळू द्या. एवढं करूनही बोट लावल्यावर काळं येणारच. फिक्सेटिव्ह म्हणजे लॅमिनेशन नव्हे.

दहाही कामं बिनफ्रेमची लावावीत असं माझं मत आहे, कारण ती एका ओघात वाचली जायला हवीत आणि दहा फ्रेमा म्हणजे दहा खिडक्या होतात. चपट्या डोक्याचा लोखंडी खिळा भिंतीत, त्यावर कागदाचा कोपरा, वर लहान निओडिमियम चुंबक. चुंबक आणि ड्रॉइंग यांच्यात कागदाचा छोटा तुकडा ठेवा, नाहीतर गोल ठसा उमटतो. चुंबक कोऱ्या मार्जिनवर बसवायचा आणि काढताना सरळ उचलायचा. सरकवून काढला तर चारकोलचा पट्टा ओढला जातो. दोन चुंबक हातात एकत्र धरू नका, ते एकमेकांवर झेपावतात आणि मध्ये कागद आला तर चिमटतात. खालच्या कडा वळत असतील तर चारही कोपऱ्यांना चुंबक लावा, पण कागद ताणून बसवू नका. हवेतल्या दमटपणाने तो फुगतो-आकसतो, त्याला जागा हवी.

विभागाने फ्रेमचाच आग्रह धरला तर खरी काच घ्या. अ‍ॅक्रिलिक हलकं असतं, पण पुसलं की त्यावर स्थिर विद्युत तयार होते आणि ती सुटी भुकटी ओढून घेते. आठवड्याभरात आतल्या बाजूला धूसर सावली दिसते. कागद काचेला टेकणार नाही एवढं अंतर माउंटने (फ्रेमच्या आतल्या जाड पुठ्ठ्याने) किंवा पट्टीने ठेवा. ड्रॉइंग माउंटला फक्त वरच्या कडेला, दोन ठिकाणी, जपानी कागदाच्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने अडकवा. चारही कडा चिकटवल्या की कागदाला लाटा येतात. मास्किंग टेप आणि सेलोटेप तर हाताशीच ठेवू नका. काही वर्षांत त्यांचा गोंद कागदात झिरपून तपकिरी होतो.

लावताना गटाचा मध्य जमिनीपासून सुमारे १४८ सेंटिमीटरवर धरा. तुमच्या दोन ओळी आणि फट मिळून ९२ होतात, म्हणजे वरची कड १९४ वर आणि खालची १०२ वर. भिंतीवर दोरा ताणून स्पिरिट लेव्हलने ओळ मारली की डोळ्याने तिरपं दिसण्याचा वाद राहत नाही. खिडकीचं थेट ऊन पडणारी भिंत वाट्याला आली तर बदलून मागा. चारकोल आणि ग्रॅफाइट उन्हाने फिके पडत नाहीत, पण कागद पिवळा पडतो. शाईची कामं लावणाऱ्या मित्रांना सांगा की बॉलपेन आणि स्केचपेन यांची शाई उन्हात लवकर फिकट होते. संग्रहालयात कागदावरच्या कामांसाठी प्रकाश सुमारे ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) इतका मंद ठेवतात, तो उगाच नाही.

लेबलवर नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप, आधी उंची मग रुंदी. 'मिश्र माध्यम' लिहायचं टाळा. 'कागदावर चारकोल' हे सांगता येत असताना धूसर कशाला राहायचं? कामाबद्दलचं निवेदन शंभरेक शब्दांपुरतं ठेवा. 'स्व आणि अवकाश यांच्यातील द्वंद्वाचा शोध' असं वाक्य कुणाच्याही कामाला चिकटतं. त्याऐवजी जिना कोणत्या वेळी काढला, उभं राहून की बसून, एका कागदाला किती वेळ, काय पुसलं आणि का, एवढं लिहा. मुलाखतीत याच माहितीवरून प्रश्न निघतात.

किमतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी विचारेलच. सारख्या मापाच्या कामांची किंमत सारखी ठेवा. मालिका सुटी देणार की एकत्र, हे आधी ठरवा. महाविद्यालय विक्रीतला काही हिस्सा घेतं का, हे लेखी विचारा. विकायची नसतील तर यादीत तसं स्पष्ट लिहा.

पुढचा उपयोग खरं तर भिंतीच्या बाहेर आहे. दोन आठवडे आधी, ज्यांचं काम तुम्हाला माहीत आहे अशा दहा लोकांना वेगवेगळं पत्र पाठवा : गॅलरीत काम करणारे, दृश्यकलेवर लिहिणारे, निवासी शिष्यवृत्त्या चालवणारे, छापचित्रांचे स्टुडिओ. सोबत तीनच छायाचित्रं, हलक्या फायलींत. सगळ्यांना एकच निमंत्रण ढकललं तर ते उघडलंही जात नाही. बायोडेटात या प्रदर्शनाची नोंद 'समूह प्रदर्शन' म्हणूनच करा.

हीच दहा कामं सगळीकडे चालतील असं मात्र नाही. स्टोरीबोर्डच्या, म्हणजे चित्रपटाची दृश्यं आधी कागदावर काढण्याच्या, कामाला माणसांची हालचाल आणि दृश्यांचा क्रम लागतो. तिथे तुमचे मॉडेलचे झटपट अभ्यास उपयोगी पडतील, तासन्‌तास घोटलेले नाहीत. वनस्पतींची किंवा पुरातत्त्वातल्या वस्तूंची चित्रं काढायची तर मोजून काढलेलं, प्रमाण दिलेलं काम दाखवावं लागतं. अध्यापनाकडे किंवा संशोधनाकडे वळायचं असेल तर जिन्याची मालिका आणि तिच्या नोंदी हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा.

आणखी एक सुचवतो, बहुतेक विद्यार्थी हे टाळतात : मांडणीच्या गटात स्वतःहून नाव द्या. कामं आत येताना प्रत्येकाची अवस्था लिहून घेणं, म्हणजे कोपरा दुमडलेला, डावीकडे बोटाचा ठसा, मागे जुना टेप, हा गॅलरी आणि संग्रहालयांतल्या नोकरीचा रोजचा भाग आहे. तो पुस्तकातून येत नाही, आणि या सहा आठवड्यांत तो शिकायची संधी तुम्हाला घरबसल्या मिळते आहे.

उतरवताना प्रत्येक कागद त्या नोंदीशी ताडून बघा. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने नाव, तारीख आणि क्रमांक मांडणीआधीच घातलेला असू द्या; पेनाची शाई आरपार येते. चारकोल गुंडाळून ठेवायचा नाही, सपाट फोल्डरमध्ये प्रत्येक दोन कागदांत ग्लासीन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक कागद) घालून ठेवा. भिंतीवर न गेलेली सात ड्रॉइंगही त्याच फोल्डरमध्ये, तारखेच्या क्रमाने. मुलाखतीत 'या मालिकेत अजून काही आहे का' असं विचारलं, की तीच बाहेर काढायची आहेत.