व्हाइट कुठे थांबणार?

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

पूल हा टेबलावरचा खेळ टीव्हीवर लोकांनी बघावा म्हणून काय करावं, असं तू विचारलंस. म्हापशाच्या पूल स्पर्धेचं तू पाठवलेलं रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. पहिल्यांदा एकट्याने, दुसऱ्यांदा तुझ्या काकूला शेजारी बसवून. दहाव्या मिनिटाला ती खोबरं किसायला उठली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पूलचं दुखणं असं, की माणूस जितका चांगला खेळतो तितका त्याचा खेळ सोपा दिसतो. पट्टीचा खेळाडू एक बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे टेबलाच्या भोकात घालतो, व्हाइट, म्हणजे काठीने मारायचा पांढरा बॉल, वीतभर मागे येऊन पुढच्या बॉलसाठी हवा तिथेच थांबतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, हा तर मीसुद्धा घातला असता. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. तुझा कॅमेरा मात्र तेव्हा पॉकेटकडे बघत असतो!

म्हणून शॉटच्या आधी बोल. "सात नंबर कुशनला, टेबलाच्या कडेला, चिकटलाय. व्हाइट खाली आला नाही तर डाव गेला." इतकं आधी कळलं की काकू किसणी बाजूला ठेवेल. आपल्या देवळातला कीर्तनकार काय करतो? द्रौपदीवर काय गुदरणार हे अख्ख्या सभामंडपाला ठाऊक असतं, म्हणून तर लोक श्वास धरून बसतात. तू शॉट झाल्यावर "वा, सुरेख" म्हणतेस. त्या वेळी गप्प बसलीस तरी चालेल.

टीव्हीसाठी नाइन-बॉलच घे. कळंगुटच्या बारमध्ये एट-बॉल ठीक आहे, पण त्यात दोघांचे बॉल वेगवेगळे, आणि कोणाचे कुठले हे समजेपर्यंत माणूस चॅनल बदलतो. नाइन-बॉलमध्ये टेबलावरच्या सगळ्यांत लहान नंबरच्या बॉलला आधी लागावं लागतं, त्यामुळे पुढे काय हे पोरालाही सांगता येतं. शिवाय त्या बॉलला आधी लागून नऊ नंबर पडला की डाव खिशात, मग टेबलावर कितीही बॉल असोत.

घड्याळ लाव. कबड्डीत चढाईला ३० सेकंद असतात. युरोप-अमेरिकेची मोस्कोनी कप ही पूलची स्पर्धा १९९४ पासून चालते, तिथेही शॉटला ३० सेकंदच मिळतात, आणि प्रेक्षक फुटबॉलसारखे ओरडतात. आपल्याकडे शॉटच्या वेळी कोणी खोकला तरी डोळे वटारतात. मला स्वतःला शांतताच आवडते, पण माझ्या आवडीवर टीव्ही चालत नाही.

आणि बोलका खेळाडू शोध. १९७८ साली अमेरिकेत विली मोस्कोनी आणि मिनेसोटा फॅट्स यांचा सामना टीव्हीवर झाला. मोस्कोनी आरामात जिंकला. फॅट्स हरत होता आणि त्याची टकळी चालूच होती. लोकांना करमणूक झाली ती त्याच्यामुळे.

आता माझी फजिती ऐक. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही इथल्या केबलवर एक फायनल दाखवली. कॅमेरा बाजूला स्टँडवर, त्यामुळे निम्मा वेळ खेळाडूची पाठ दिसत होती. वर ट्यूबलाइट, तिच्याखाली पंखा, आणि पात्यांची सावली अख्ख्या टेबलावर लपलप करत फिरत होती. त्यात जुलै महिना. कापडाने ओल धरलेली, बॉल निम्म्यात दम टाकत होते. केबलवाल्याच्या आईने विचारलं, "ह्या मुलांचं टेबलाखाली काय हरवलंय?" तेव्हापासून मी एक कॅमेरा छताला उलटा टांगतो आणि पंखा बंद ठेवतो. घाम येतो, येऊ दे.

बॉलचंही बघ. नेहमीच्या संचातला जांभळा चार आणि मरून सात पडद्यावर काळपट दिसतात. टीव्हीच्या संचात म्हणूनच चार गुलाबी आणि सात फिकट तपकिरी असतो. लाल ठिपके असलेला व्हाइट मिळतो, तो घेच. ठिपके गरगरताना दिसले की फिरकी म्हणजे काय हे वेगळं समजावत बसावं लागत नाही. संच महाग आहे. क्लबवाले कुरकुर करतील, तर निम्मे पैसे मी घालतो.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुढची स्पर्धा घे आणि रेकॉर्डिंग पाठव. काकूला पुन्हा बसवतो. खोबरं आधीच किसून ठेवायला सांगणार नाही.

तुझा,
काका