बांधावरचं निळं फूल ओळखताना

भाऊ, कपाशीच्या बांधावर निळं फूल दिसलं की फोटो काढून मोकळा होऊ नकोस. आधी खोड दोन बोटांत धर. बोटं चिकटली तर खोडावरच्या केसांच्या टोकाला चिकट रस सोडणाऱ्या ग्रंथी आहेत. नुसतं खरखरलं तर राठ केस.

आपल्या जळगाव-धुळ्याकडचा छोटा कल्प, म्हणजे निळ्या फुलाचं हे रानरोप, खरखरीत. पान बिनदेठाचं, बुडाशी खोडाला बिलगलेलं. फूल मान खाली घालून असतं, ते उलटं करून भिंगातून बघ: पाच पुंकेसर जुळून मधे शंकू, वर टोकांना पीळ. काय देखणी रचना आहे! निळा रंग पुढे गुलाबीकडे झुकतो, ती वेगळी जात समजू नकोस.

चिकटपणा शिकायचा तर पिवळी तिळवण हे रोप धर, तिची शेंगही चिकट. फवारलेल्या बांधावर मात्र हात लावायचा नाही.