बीएस्सी अ‍ॅग्रीनंतर पुण्यातल्या अ‍ॅग्रीटेक कंपनीत जावं का?

तुम्ही विचारलंय की बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, पुण्याच्या आसपास अ‍ॅग्रीटेक कंपन्या कोणत्या आहेत आणि तिथं नोकरी धरावी का. मी याच लाईनमध्ये आहे, त्यामुळं जसं दिसतं तसं सांगतो.

अ‍ॅग्रीटेक म्हणजे शेतीला टेक्नॉलॉजी पुरवणाऱ्या कंपन्या, पण हा एक धंदा नाहीच, तीन-चार वेगळे धंदे एका नावाखाली चाललेत. वेबसाईटवरचे ड्रोनचे फोटो सोडा, बिल कोण भरतं तेवढं बघा: शेतकरी, साखर कारखाना, एक्स्पोर्टर की सरकार. तुमचं रोजचं काम त्यावरच ठरणार.

अ‍ॅग्रोस्टार घ्या, पुण्यातलं सगळ्यात ओळखीचं नाव. २०१३ च्या सुमाराला सुरू झाली तेव्हा शेतकऱ्यानं मिस्ड कॉल द्यायचा, इकडून फोन जायचा, सल्ला मिळायचा आणि बियाणं-औषधं घरपोच. इथं बिल शेतकरी भरतो, आणि शेतकऱ्याला लागते उधारी, जी गावातला कृषी सेवा केंद्रवाला माल विकून पैसे येईपर्यंत देतो, अ‍ॅप कुठून देणार? म्हणून अशा कंपन्यांना शेवटी गावोगावी दुकानांच्या मागं जावं लागलं. तिथली फिल्डची नोकरी म्हणजे टार्गेटवाली सेल्स, पदाचं नाव कितीही भारी असू दे.

सेन्सरवाल्यांचं गणित वेगळं. पान किती तास ओलं राहिलं, हवेत दमटपणा किती, तापमान काय, यावरून द्राक्षावर डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येणार का ते आधी सांगायचं. फळछाटणीनंतर बागायतदाराच्या फवारण्यांवर फवारण्या चालू असतात, त्यातली एक-दोन जरी वाचली तरी पैसे वाचतात आणि युरोपला माल जायचा असेल तर रेसिड्यूचं, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाचं, टेन्शन पण कमी होतं. म्हणून फसलसारखी बंगळुरूची कंपनी सुद्धा नाशिकच्या द्राक्षबागांत दिसते. सोयाबीनवाला मात्र हे यंत्र का घेईल? एकरी सुटतंच किती! द्राक्ष-डाळिंबच नाही तर सगळ्याच पिकांना सेन्सर विकू म्हणणारी कंपनी असेल तर जरा जपून.

मला स्वतःला हार्डवेअरवाले जास्त पटतात. इकोझेन पुण्याचीच, २०१० पासूनची, सोलर पंपाचे कंट्रोलर आणि सोलरवर चालणारी छोटी कोल्ड रूम बनवते. प्रोमिथियन कंपनीचे दूध थंड करायचे चिलर गावच्या संकलन केंद्रावर लाईट गेली तरी चालतात, कारण थंडावा आधीच साठवून ठेवलेला असतो, जनरेटर लागत नाही. फक्त एवढं की सोलर पंपाचा बराचसा बाजार सरकारी योजनांवर आहे, पेमेंट लांबलं की सगळेच अडकतात.

फार्मईआरपी ही कंपनी तर २००१ ची, म्हणजे स्टार्टअप हा शब्द इकडं कोणी वापरत नव्हतं तेव्हाची. मोठे फार्म आणि एक्स्पोर्टर यांना सॉफ्टवेअर देते, तिथं गावात फिरणं कमी आणि क्लायंटशी बोलणं जास्त.

हे सगळं पुण्यातच का, तर कृषी आयुक्तालय इथं, साखर आयुक्तालय इथं, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट (उसाची संशोधन संस्था) आणि द्राक्ष संशोधन केंद्र, राजगुरुनगरला कांद्याचं, शिवाजीनगरला सिमला ऑफिस म्हणजे हवामान खातं. आयटीतली पोरं कुठंही मिळतील हो, पण सकाळी प्रश्न पडला आणि दुपारी द्राक्षाच्या शास्त्रज्ञासमोर जाऊन बसलो हे बाकी शहरांत अवघड आहे.

तुमच्यासाठी म्हणाल तर एक्सेल आणि थोडं क्यूजीआयएस (नकाशांवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर) शिकून घ्या. कोडिंग आलं तर बोनस, पण पानावरचा डाग बघून रोग आहे की अन्नद्रव्याची कमतरता ते ओळखता येणं याला खरी किंमत आहे, कारण कोड लिहिणाऱ्यांना ते येत नाही. आणि डिसेंबरात मोशीला किसान प्रदर्शन भरतं तिथं जाऊन या, बायोडेटा देण्याआधी स्टॉलवरच्या पोरांशी गप्पा मारा आणि एकच विचारा, थकलेल्या पैशांची वसुली कोणाच्या गळ्यात आहे. फिल्ड ऑफिसरच्या गळ्यात असेल तर पगाराचा आकडा ऐकून भुलू नका.