इंग्लंडमध्ये माकडाच्या वेशातला माणूस खरंच महापौर झाला होता का? आणि पुढे काय झालं?

हो, झाला होता. गावाचं नाव हार्टलपूल, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरचं जुनं बंदर. नोकरीच्या निमित्ताने मी तिथे तीन वर्षं काढली. हा किस्सा मला इतक्या जणांनी सांगितलाय की विचारू नका, आणि प्रत्येकाची फोडणी वेगळी. मी बिनफोडणीचा सांगतो.

आधी माकड. नेपोलियनच्या लढायांच्या काळात म्हणे इथे एक फ्रेंच जहाज फुटलं आणि त्यातलं एक माकड तेवढं जिवंत किनाऱ्याला लागलं, तेही गणवेशात. गावच्या कोळ्यांनी ना कधी माकड पाहिलेलं, ना फ्रेंच माणूस. हाच शत्रूचा हेर असं ठरवून त्यांनी त्याला वाळूतच फासावर दिलं. पुराव्याच्या नावाने शंख आहे, पण शेजारच्या गावांना पुराव्याशी काय देणंघेणं? 'माकड लटकवणारे' हे नाव पडलं ते पडलंच. आधी लोक चिडायचे, नंतर तेच नाव मिरवायला लागले. हार्टलपूल युनायटेड या फुटबॉल क्लबचा मॅस्कॉट, म्हणजे मैदानात पोशाख घालून फिरणारा शुभंकर, माकडच आहे आणि त्याचं नाव हँगस, म्हणजे 'आम्हाला लटकवा'!

२००२ साली या पोशाखाच्या आत स्टुअर्ट ड्रमंड असायचा. वय तिशीच्या आत, नोकरी कॉल सेंटरमध्ये. ब्रिटनमध्ये २००० साली कायदा झाला होता, की गावाने सार्वमत घेऊन हवं तर थेट जनतेतून महापौर निवडावा. आपल्याकडे थेट नगराध्यक्ष निवडतात, त्यातलाच प्रकार. फक्त तिथला महापौर नगरसेवकांतून आपलं छोटं मंत्रिमंडळही स्वतःच नेमतो, त्यामुळे पद शोभेचं नाही. हँगसला उभं केलं तर क्लबची फुकटात जाहिरात होईल, एवढाच हिशेब होता. आश्वासन काय, तर शाळेतल्या पोरांना फुकट केळी. मे महिन्यात मतमोजणी झाली आणि दुसऱ्या पसंतीची मतं धरून लेबर पक्षाचा उमेदवार सहाशेच्या आसपास मतांनी पडला.

लोकांनी गंमत म्हणून मत दिलं असं लंडनची वर्तमानपत्रं लिहीत होती. मला ते पटत नाही. या गावात जहाजं बांधायचे, पोलाद ओतायचे. साठच्या दशकात जहाजबांधणी संपली, सत्तरच्या दशकात पोलादाच्या कारखान्यावर गदा आली. निवडून मात्र वर्षानुवर्षं लेबरच येत होतं, आणि खासदार होते पीटर मँडेलसन, थेट लंडनच्या सत्तेच्या वर्तुळातले. आपल्याला गृहीत धरलंय हे लोकांना कळत होतं. मग समोर माकड आलं.

पुढची गोष्ट कोणी फारशी सांगत नाही. ड्रमंडने पोशाख उतरवला, सूट चढवला आणि रस्ते, शाळा, अंदाजपत्रक असल्या रुक्ष कामांत बसला. २००५ला भरघोस मतांनी परत आला, २००९ला तिसऱ्यांदा. थेट निवडलेल्या महापौरांत तिसऱ्यांदा जिंकणारा देशातला तो पहिलाच. २०१२च्या सार्वमतात गावाने ते पदच रद्द करून टाकलं. मतदान वीस टक्केही झालं नाही. आणि गंमत बघा, २०१७पासून हार्टलपूल धरून पाच पालिकांच्या वर 'टीज व्हॅली'चा एक थेट निवडलेला महापौर बसलाय. एक घालवला, तर दुसरा डोक्यावर.

क्लबचं म्हणाल तर मैदान नगरपालिकेच्या मालकीचं आणि समुद्राच्या अगदी जवळ. जानेवारीत पहिल्यांदा मॅचला गेलो तेव्हा दोन मोजे घालूनही पाय बधिर झाले. शेजारचे आजोबा 'पाय' नावाच्या गरम भरल्या पेस्ट्रीचा घास घेत म्हणाले, "समोरचा स्टँड १९१६ साली जर्मन झेपेलिनने, म्हणजे हवाई जहाजाने, पाडला. आम्ही भरपाई मागितली, अजून यायची आहे." मला वाटलं थापा मारतायत. खरं निघालं! क्लबने युद्धानंतर जर्मन सरकारकडे खरंच पैसे मागितले होते. त्याआधी, १६ डिसेंबर १९१४ला, जर्मन युद्धनौकांनी या गावावर तोफा डागल्या होत्या आणि शंभरावर माणसं गेली होती. पण आजोबांचा जीव अडकलेला त्या स्टँडमध्ये.

मी मुंबईचा म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तुझं जहाज पाहिलंस का?" दुसऱ्या दिवशी गोदीत गेलो. 'ट्रिंकोमाली', १८१७ साली मुंबईत वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका, अजून तरंगते आहे. मोडकळीला आलेली ती नौका १९८७ला इथे आणली आणि गावातल्या कारागिरांनी दहाएक वर्षं खपून पुन्हा उभी केली. डेकखाली वाकून चालताना मी त्या लाकडाला हात लावून पाहिला, उगाचच.

संघ १९२१पासून फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडमधल्या वरच्या श्रेणींच्या स्पर्धेत, होता. २०१७ला बाहेर फेकला गेला, २०२१ला पेनल्टीवर परत आला, २०२३ला पुन्हा गेला. त्या आजोबांचा सीझन तिकिटाचा खर्च मात्र चालूच आहे, आणि मैदानात हँगसही.